माझ्या भारंभार मीठ

आमच्या कोपरीतली माणसं आता लांब लांब जातात. कोणी चारधाम करून येतो, कोणी काश्मीर बघून येतो, आणि मग वर्षभर शेजाऱ्यांना फोटो दाखवत बसतो. मी ठाकुर्लीला गेलो. गाडीनं अर्ध्या तासाची वाट, मला तीन दिवस लागले. कारण मी खाडीनं गेलो, होडीत बसून, आणि सोबत माझ्याच वजनाचं मीठ होतं. फोटो काढलेला नाही. शेवटच्या दिवशी माझा जो अवतार होता तो फोटोत येऊ नये हेच बरं. म्हणून लिहून ठेवतो. शाळा माझी चौथीपर्यंत, पण अक्षर चांगलं आहे आणि आकडे त्याहून चांगले. तीस वर्षं मिठागरावर काट्याशी बसून गोण्या तोलल्या. मी सांगितलेलं वजन कोणी दुसऱ्यांदा मोजलं नाही.

आधी मीठ कशाला ते सांगतो.

हसुराम माझा दोस्त. तो कोळी, मी आगरी. एकाच खाडीतून तो मासळी काढायचा आणि आम्ही मीठ, म्हणून लहानपणापासूनची ओळख. त्याच्यात एकच खोड. तो सगळे देव मानतो. एकही सोडत नाही. रस्त्यानं जाताना देऊळ लागलं की थांबतो, दर्गा लागला की थांबतो, एकदा नौपाड्यात एका डॉक्टरच्या पाटीला हात जोडताना मी बघितलाय, कारण पाटीच्या वर दिवा होता. मी एकही मानत नाही. आमच्या मिठागरावर एका वैशाखात, सगळी रास उभी असताना, आदल्या दिवशी पूजा झालेली असताना, असा पाऊस पडला की सकाळी राशीच्या जागी चिखल. तेव्हा मी ठरवलं, जे काट्यावर चढतं तेच खरं. देव काट्यावर चढत नाही.

दोन वर्षांमागं मला कावीळ झाली. घरचे रडून मोकळे झालेले. मी उठलो. औषधानं उठलो. तर ह्या हसुरामनं मला न विचारता, इस्पितळाच्या दारात उभा राहून, आपल्या मामांच्या देवीला नवस बोलला होता की बाळाराम उठू दे, त्याच्या भारंभार मीठ तुला वाहीन. देवीचं देऊळ ठाकुर्लीला, खाडीच्या काठाला. तिला तिकडं खाडीआय म्हणतात. हे त्यानं मला दोन वर्षं सांगितलं नाही, कारण मी चिडेन. बरोबरच आहे, चिडलोच.

सांगितलं कधी, तर ह्या साली त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला तेव्हा. नौपाड्यातला डॉक्टर बोलला, मंगळवारी पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन करू, आता लांबवलंत तर डोळा हाताला लागायचा नाही. हसुराम घरी येऊन बसला आणि बोलला, "नवस फिटल्याबिगर मी टेबलावर नाय झोपनार. देवीचं दिलं नाय आनि डोला मागायला जाऊ? कोन्या तोंडानं?"

मी बोललो, "मग फेड ना. मीठ घे, ट्रकात टाक, पाठव."

"तू लागशील ना, काट्यावर बसायला."

"मी देवळात पाय ठेवत नाय."

"काटा भायेर झाडाला टांगतात. देवळात जायचं कामच नाय."

त्याचा मुलगा, त्याची बायको सोनाबाय, दोघं माझ्या दारात येऊन उभे राहिले. सोनाबाय एवढंच बोलली, "भाऊजी, त्यांचा डोला तुमच्या वजनावर हाय." मी "कधी निघायचं" एवढंच विचारलं.

शुक्रवार : कोपरी ते मुंब्रा

मीठ माझ्या घरचंच होतं. आमचं मिठागर बंद झालं, तिथं आता इमारती उठतायत. शेवटच्या राशीतल्या दोन गोण्या मी माळ्यावर ठेवल्या होत्या. नवस बोलताना हसुराम नेमका "बाळारामच्या आगराचं मीठ" असं बोललेला, म्हणजे दुकानातलं चालणार नाही. मी स्वतःला तोललं, अठ्ठावन्न किलो. मीठ तोललं, दोन्ही गोण्या मिळून नेमकं अठ्ठावन्न किलो, वर काही उरलं नाही. त्याआधी मी सुचवून बघितलं की नवस बोललास तेव्हा मी आजारी होतो, इस्पितळाच्या कागदावर एक्केचाळीस लिहिलेत, तेवढंच देऊ. हसुराम बोलला, "तेव्हाचा तू आजाराचा होतास. देवीनं दिला तो हा." वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याचं गणित त्याच्यापुरतं पक्कं असतं.

आणि जायचं खाडीनंच. देवी खाडीतून आली, तिचं तिला खाडीनंच गेलं पाहिजे. होडी हसुरामची, वल्हं हसुरामचं. डोळे नाहीत, पण बोलला, "खाडी मला पाठ हाय." निघताना त्यानं नारळ फोडला. मी पाठ करून उभा राहिलो. खोबरं मात्र खाल्लं, खोबऱ्याशी माझं भांडण नाही.

ज्यांनी ठाणं नेहमी रस्त्यावरून बघितलंय त्यांनी एकदा खालून बघावं. दोन्ही बाजूंनी तिवरांची दाटी, चिखलावर निवट्या मासे उड्या मारतायत, बगळे शिपायासारखे उभे. आणि वर कळव्याचा पूल. पुलाखालून जाताना गाडी धडधडत गेली आणि वरून कोणी तरी निर्माल्याची पिशवी फेकली. ती नेमकी माझ्या डोक्यावर फुटली. झेंडू, विड्याची पानं, भिजलेला कापूस.

"काय पडलं?" हसुरामनं विचारलं.

"कचरा."

त्यानं चाचपून बघितलं. "हार हाय. देवीनं पयलाच तुला हार घातला."

"हसू, गाडीतल्या बाईनं फेकलाय."

"बाईच्या हातात कोनी दिला?"

ह्या माणसाबरोबर मी पन्नास वर्षं काढली आहेत.

पुलापुढं खाडी वळते, मोठी होते. पारसिकचा डोंगर दिसायला लागला. इथं रेतीच्या बोटी असतात, त्यांचे जाड दोर पाण्यात कसेही ताणलेले. मी पुढं बघून सांगायचं आणि त्यानं वल्हवायचं असं आमचं ठरलं होतं. मी त्याच्याकडं तोंड करून बसलेलो, मान वळवून पुढं बघायचो. दोर दिसला. मी बोललो, "डावीकडं." आता डावीकडं मीच बोललो हे खरं आहे. पण माझी डावी. त्यानं त्याची घेतली. होडी दोरावर चढली, कलली, आणि घोटाभर पाणी आत आलं. मीठ तळाशी.

रेतीच्या बोटीवरचे मुकादम हनीफभाई माणसं घेऊन धावत आले. आम्हाला ओढून बंदरावर काढलं, पाणी उपसलं. गोण्यांतून पांढरं पाणी वाहत होतं. हसुरामला दिसत नव्हतं, पण त्यानं हात लावून बोटं चाटली आणि तिथंच खाली बसला.

बंदराजवळ एका भंगारवाल्याकडं काटा होता. मीठ भरलं छप्पन्न.

"दोनच किलो कमी," हसुराम जरा उजळला.

"चार," मी बोललो. "त्यातलं दोन किलो पाणी आहे. वाळल्यावर चौपन्न होईल."

"मग वालवतोस कशाला? तसंच जाऊ. देवी खाडीची हाय, तिला पानी चालंल."

"मला नाय चालणार. मी ओलं मीठ जन्मात तोललं नाय."

हनीफभाई हसायला लागले. बोलले, "काका, देव कोन मानतो तुमच्यात?" मी हसुरामकडं बोट दाखवलं. ते आणखी हसले.

आता करायचं काय? मीठ वाढवता येत नव्हतं, त्या आगराचं आणखी मीठ जगात कुठं नव्हतं. हसुरामनं गोणीवर हात फिरवला. मग हळूच बोलला, "मीठ वाढत नाय तर तू कमी हो."

"म्हणजे?"

"अन्न सोड. रविवारपर्यंत."

"मी उपास करत नाय. देवासाठी तर नायच."

"देवीसाठी नको करू. वजनासाठी कर. आनि डावीकडं कोन बोललेला?"

ते त्यानं बोलायला नको होतं. पण बोलला. मी माझी चूक कबूल करणाऱ्यांतला नाही, ती भरून देणाऱ्यांतला आहे. दुपारपासून जेवण बंद.

हनीफभाईंच्या झोपडीत सुक्या बोंबलाचं कालवण होतं, आंबट, लसूण ठेचून घातलेलं. आमच्याकडं त्यात चिंच, ते लोक आमसूल टाकतात, वास वेगळा येतो आणि लांबपर्यंत येतो. त्यांनी मला ताट वाढलं, मी हात जोडले.

"कसला उपास?"

"उपास नाय. जेवत नाय एवढंच."

"आमचा रोजा सूर्य मावळला की सुटतो. तुमचा कधी?"

"काटा जुळला की."

हनीफभाईंनी मान हलवली. "लई सख्त मजहब हाय तुमचा."

हसुराम मात्र जेवला. दोन वेळा भात घेतला. मी बघतोय म्हणून तोंड दुसरीकडं केलं, पण घेतला.

शनिवार : मुंब्रा ते मोठागाव

दुपारच्या भरतीपर्यंत मीठ ताडपत्रीवर वाळत घातलं. मी त्याच्याजवळ बसून फळीनं उलटंपालटं करत होतो, पूर्वी करायचो तसं. चांगलं वाळलं. तोललं, चौपन्नला छटाक कमी. मी सांगितलं होतं.

होडीत हसुराम बोलायला लागला. पोटात काही नसलं की माणसाला दुसऱ्याचं बोलणं नीट ऐकू येतं, असा माझा अनुभव आहे.

मी विचारलं, "मला विचारलं का नाही नवस बोलताना?"

"तू शुद्धीवर कुठं होतास?"

"शुद्धीवर आल्यावर सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू परत बेशुद्ध झाला असतास, रागानं." मग थोडं वल्हवून बोलला, "तुझी बायको डॉक्टरशी बोलत होती. मुलगा औषधाला धावत होता. मला काय येतंय? मला हीच एक भाषा येते. तिच्याशी बोललो."

"आणि तिनं ऐकलं?"

"तू बसलायस ना समोर."

"औषधानं बसलोय."

"बरं, औषधानं बस," हसुराम बोलला. "बसलायस तेवढं पुरे."

दिवा गाव मागं गेलं. काठाला म्हशी पाण्यात बसलेल्या, पलीकडं नवीन इमारतींचे सांगाडे. डोंबिवलीच्या मोठागावात हसुरामची बहीण यमुनाबाय राहते, तिच्याकडं मुक्काम. तिथं आधी मी न्हाव्याकडं गेलो. हिशेब असा, की पोटानं दोनअडीच किलो जातील, बाकी कुठून काढायचं? माझे केस भरघोस होते. मिशीही मोठी, दोन्ही बाजूंनी वळलेली, ती मी लग्नापासून राखलेली. मी खुर्चीत बसलो आणि बोललो, "सगळं काढ. मिशीसकट."

न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. रेडिओ बंद केला. हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाय गेलं."

"मिशी काढताय, म्हणजे वडील असणार. वय झालं होतं?"

माझे वडील जाऊन तीस वर्षं झाली, तेव्हाही मी मिशी काढली नव्हती. तसं सांगितलं तर त्याला वाटलं मला दुःखानं भ्रम झालाय. बाकावर बसलेली तीन माणसं उठून आली, एकेकानं खांद्यावर हात ठेवला. एक म्हातारा बोलला, "रडून घ्या, मोकळं होतं." न्हावी पैसे घेईना. सुतकाच्या पहिल्या दिवसाचे आम्ही घेत नाही, बोलला. मी पैसे ठेवले तर त्यानं ते माझ्या खिशात परत घातले आणि डोळे पुसले. कापलेले केस मी कागदात बांधून वाण्याकडं तोलले. मिशी धरून पाव किलोसुद्धा भरेना. चाळीस वर्षं जिला वजन आहे असं मी समजत होतो, ती मिशी काट्यावर कळलीही नाही.

घरी गेलो तर यमुनाबायनं मला दारात बघितलं आणि मोठ्यानं गळा काढला. तिला वाटलं आमच्या घरात कोणी तरी गेलं. शेजारच्या चार बायका धावल्या, त्याही रडल्या. हसुराम आत जेवायला बसला होता, त्याला काही दिसेना, तो विचारतो, "कोन गेला? कोन गेला?" आणि कोणी सांगेना, म्हणून तोही रडायला लागला. मी दारात उभा राहून चार वेळा ओरडलो की कोणी मेलेलं नाही. पाचव्या वेळी ऐकलं.

मग यमुनाबायनं मला पाट मांडला. चिंबोऱ्यांचा रस्सा, तांदळाची भाकरी. मोठागावच्या चिंबोऱ्या आमच्याहून लहान, पण भरलेल्या, आणि तिनं नांगी ठेचून वाटणात घातलेली. हे मी वासावरून लिहितोय. मी जेवत नाही म्हटल्यावर ती बोलली, "आज शनवार, मारुतीचा का?"

"नाय."

"मग साबुदाना करू?"

"काहीच नको."

ती दोन पावलं मागं सरकली आणि शेजारणीला बोलली, "निर्जळी हाय. भाऊंचा दोस्त लई मोठा भक्त हाय."

रविवार : ठाकुर्ली

सकाळची भरती धरून ठाकुर्लीच्या काठाला लागलो. देऊळ लहान, विटांचं, आत शेंदराचा एक दगड. मी बाहेरूनच बघितला. बाहेर मोठी चिंच, आणि तिच्या फांदीला वखारीतला लाकडं तोलायचा काटा टांगलेला. दोन लाकडी पारडी, मधे लोखंडी दांडी.

पुजारी मात्र नव्हता. माणूसही दिसेना. हसुराम हाका मारत राहिला. शेवटी एक बाई धावत चालली होती, तिनं धावताधावता सांगितलं की टीव्हीवर देवाची मालिका लागलीय. आम्ही तिच्या मागं गेलो. चाळीतल्या एका खोलीत गावभर माणसं कोंबलेली, टीव्हीला हार, पुढं उदबत्ती, आणि देवीचा पुजारी पहिल्या रांगेत हात जोडून. हसुरामही लगेच हात जोडून उभा राहिला. त्याला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. मी बाहेर पायरीवर बसलो. आतून कोणी तरी कांदेपोह्याची बशी पुढं केली, मी डोळे मिटले. आतले लोक बोलले, बघा, ध्यान लागलं.

मालिका संपल्यावर सगळी चाळ आमच्या मागं आली.

मी आधी मोकळा काटा बघितला. एक पारडं खाली होतं. काट्याचा मालक वखारवाला गर्दीत होता, तो बोलला, "थोडं चालतं." मी बोललो, "वखारीत चालतं." पासंगाला एक फुटकं कौल बांधलं, दांडी सरळ केली, तेव्हा बसलो. बसायच्या आधी सदरा काढला, धोतर काढलं, कवळी काढून हसुरामच्या हातात दिली. लंगोटीवर, गोटा करून, मिशी नसलेला, ठाकुर्ली गावासमोर मी पारड्यात मांडी घालून बसलो. दुसऱ्या पारड्यात मीठ चढवलं.

माझं पारडं खाली गेलं. फार नाही, चार बोटं.

पुजाऱ्यानं लगेच घंटा हातात घेतली. "जुळलं, जुळलं."

वखारवाला बोलला, "झालं की. देवाच्या कामात एवढं कोण बघतो?"

हसुराम मिठाच्या बाजूला उभा होता, मान वर करून, जणू दांडी दिसतेय. तो बोलला, "तुमी गप बसा. बाळाराम सांगंल. तो देव मानत नाय. देवीला खूश करायला तो खोटं नाय बोलनार. बोल बाळाराम, जुळलं?"

सगळा गाव माझ्याकडं बघत होता. मंगळवार दोन दिवसांवर. मी "हो" बोललो असतो तर तिथंच संपलं असतं.

"नाय," मी बोललो. "मी दीडेक किलोनं जड आहे."

हसुरामनं मान हलवली. रागावला नाही. विचार केला आणि बोलला, "मग बस. घाम गाल."

चिंचेची फांदी उन्हाच्या बाजूला होती, ऊन सरळ माझ्यावर. सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. मी बसलो. अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं की मीठही उन्हात आहे आणि त्यातला ओलावा उडतोय, म्हणजे मी जेवढा उतरणार तेवढं तेही उतरणार. तसं सांगितलं. हसुरामनं छत्री मागवली आणि मिठावर धरून उभा राहिला. मिठाला सावली, मला ऊन, आणि आंधळा छत्री धरतोय. येणारी जाणारी माणसं थांबायची.

थोड्या वेळानं बायकांनी माझ्या पारड्याला हळदकुंकू लावलं. मी नको बोललो, पण कवळी नसल्यामुळं नीट बोलता येईना, त्यांना वाटलं मंत्र म्हणतोय. एकीनं नारळ ठेवला. मी ओरडून तो काढायला लावला, कारण वजन वाढत होतं. दुसरी जवळ येऊन विचारते, "बाबा, माझ्या मुलाला रेल्वेत लागंल का?"

मी विचारलं, "अर्ज केलाय?"

"नाय."

"मग आधी अर्ज कर."

ती खाली वाकली, आणि मागं जाऊन सगळ्यांना बोलली, "बघा, कसं ओलखलं."

बारा वाजले. पारडं चार बोटांवरून दोनावर आलं, मग एकावर. मग तिथंच अडकलं. अंगात घामच उरला नव्हता. डोळ्यांपुढं दांडीच्या दोन दांड्या दिसायला लागल्या. मी कण्हलो असेन, मला आठवत नाही. पण हसुरामनं ऐकलं. तो मिठाच्या पारड्याला अगदी चिकटून उभा राहिला.

"आता?" त्यानं विचारलं.

"अजून बोटभर."

थोडा वेळ गेला. माझं पारडं हलकेच वर आलं. दांडी सरळ झाली, अगदी सुतात. मी दांडीवरून नजर खाली आणली, काट्यावरच्या माणसाची सवय असते, वजन सांगायच्या आधी दोन्ही पारड्यांवर नजर टाकायची. हसुरामचा एक हात छत्रीला होता. दुसरा पारड्याच्या काठावर होता. मनगटाची शीर ताणलेली.

असे हात मी तीस वर्षांत किती पकडले असतील. शेटजींचा पकडला, मालकाच्या जावयाचा पकडला, त्यापायी एकदा कामावरून जाता जाता राहिलो. हसुरामला वाटत होतं कोणाला दिसत नाही. त्याला दिसत नव्हतं, म्हणून त्याला तसं वाटत होतं. त्याचा चेहरा देवळाच्या दाराकडं होता, आणि मी त्या माणसाला कधी एवढा घाबरलेला बघितलेला नाही. एकदा आम्ही दोघं भर समुद्रात वादळात सापडलो तेव्हाही नाही.

"बोल ना रे," तो बोलला. "आता तरी जुळलं?"

मी बोललो, "सरळ."

पुजाऱ्यानं घंटा वाजवली.

मला उतरवलं, पाणी पाजलं, गुळाचा खडा दिला. मग चाळीतल्या बायकांनी भात, डाळ आणि सुकटीची चटणी वाढली आणि मी किती जेवलो ते लिहीत नाही. परतीला हसुरामच्या मुलानं टेम्पो आणला, होडी तिथंच नातेवाइकांकडं ठेवली. टेम्पोत आम्ही दोघं मागं बसलेलो. तो वजनाबद्दल बोलला नाही. मीही नाही. तसा तो वाटेत दिसेल त्या देवळाला हात जोडतो. त्या दिवशी तीन देवळं लागली, मी नावं सांगितली, पण त्यानं हात जोडले नाहीत.

मंगळवार : नौपाडा

ऑपरेशनला सोनाबाय होती, मुलगा होता, मी होतो. हसुरामला हिरवा झगा घातला, डोक्याला टोपी. बाकड्यावर माझ्या शेजारी बसला. सोनाबाय कागदावर अंगठा द्यायला गेली, तसा तो माझ्याकडं सरकला.

"बाळाराम."

"काय?"

"देवी सगलं बघते का रे?"

"मला काय विचारतोस? माझ्या मते ती नायच."

"नायच?"

"नाय."

"म्हंजे कोनी काय केलं, तर बघायला वर कोनीच नाय?"

"कोणी नाय, हसू. मी चांगलं तपासून बघितलंय."

आतून नर्सनं नाव पुकारलं. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात टेकून उठायला जोर घेतला.

"बरं," तो बोलला. "मग आजच्यापुरतं तुझं खरं धरतो." आणि आत गेला.